प्योसाहेबांचं शेवटचं बसणं

माझ्या खानावळीत आतल्या बाजूला एक ओट्याची खोली आहे. बूट पायरीवर काढायचे आणि वर जमिनीवर बसायचं. सव्वीस वर्षं ती खोली शुक्रवारी संध्याकाळी दुसऱ्या कुणाला मिळत नव्हती, कारण ती व्हॉल्व्हच्या कारखान्यातल्या ड्रॉइंग विभागाची असायची. आणि ड्रॉइंग विभाग म्हणजे प्यो ग्वांग-सिक. आधी तो नुसता प्यो होता, मग प्योभाऊ झाला, मग प्योसाहेब. मी मात्र पहिल्या दिवसापासून मावशी. माझ्यापेक्षा तीन वर्षांनीच लहान असलेला बाप्या मला मावशी म्हणतो, याचं सुरुवातीला हसू यायचं. पण इथे कोरियात, आमच्या चांगवॉनमध्ये खानावळवालीला जो तो मावशीच म्हणतो, म्हणून सोडून दिलं.

माणूस बुटका, खांदे रुंद, आवाज असा की कुजबुजला तरी रस्त्यापलीकडे ऐकू जावं. स्वतःचा पेला स्वतः कधी भरायचा नाही. ती आमच्याकडची रीतच आहे. आपला पेला रिकामा झाला की गप्प बसायचं. शेजारच्यानं बघायचं आणि भरायचा. याबाबतीत साहेबांची नजर घारीची. चौदा माणसं बसलेली, धुरानं डोळे चुरचुरतायत, मधल्या शेगडीच्या तव्यावर डुकराच्या मांसाचे काप तडतडतायत, दोघं भांडतायत, एक गातोय, आणि तेवढ्यात कोपऱ्यात कुणाचा पेला रिकामा आहे ते यांना बरोबर दिसायचं.

एकदा एक ड्राफ्ट्समन आठवडाभर कुणाशी बोलत नव्हता. साहेब उठले, त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि दोन्ही हातांनी त्याचा पेला भरला. वरच्या माणसानं एका हातानं ओतलं तरी चालतं, पण यांनी दोन्ही हात लावले. विचारलं काहीच नाही, नुसते बसून राहिले. तिसऱ्या पेल्याला तो माणूस हमसून रडायला लागला. बायको मुलाला घेऊन माहेरी निघून गेली होती. कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलाशी उभं राहून हे कुणाला सांगणार तो? पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः त्याच्या सासुरवाडीला जाऊन आले. असे ते शुक्रवार. मला त्यांची आठवण येते. फार येते, उगीच खोटं कशाला बोलू.

हे झालं गोड गोड. आता दुसरी बाजू सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी जुन्या आठवणींचं गुऱ्हाळ लावून बसलीय. याच खोलीतून मी माणसं दोन्ही बाजूंनी धरून टॅक्सीत कोंबलीत. मागच्या मोरीवर किती जणांच्या पाठी चोळल्या त्याला गणती नाही. विभागात एकच बाई होती. तिला दर खेपेला मोठ्या डायरेक्टरच्या शेजारी बसवायचे, ओतायला. तिचा चेहरा मला दिसत होता, मी काही आंधळी नव्हते. तरी आणखी दोन बाटल्या नेऊन ठेवल्याच ना मी. माझी लेक सोरा सोलला एका ऑफिसात आहे. ती फोनवर म्हणते, "आई, तुला ज्याची एवढी आठवण येते ना, ते बंद झालं म्हणून मी इथे सुखानं नोकरी करतेय." मी म्हणते, "कळतं गं मला." कळतं सगळं, पण मन ऐकेल तर ना.

आता तेओचं सांगते. ते सांगितल्याशिवाय साहेब कळायचे नाहीत.

अकरा वर्षांपूर्वी गुक तेओ विभागात नवीन लागला. पंचविशी-सव्विशीतला, लांब मानेचा, बोलायच्या आधी दोनदा आवंढा गिळणारा. हुशार मात्र असा की साहेब तिसऱ्याच दिवशी मला सांगत होते, "मावशी, या पोराचा हात बघाल तर थक्क व्हाल. पेन्सिल कशी हलकी धरतो." शुक्रवारी त्याच्या स्वागताला सगळे आले. त्या काळी नव्या माणसाला वाडगा द्यायची पद्धत होती. थंड शेवया वाढायचा मोठा स्टीलचा वाडगा घ्यायचा, त्यात सोजू ही आमची कडक दारू आणि बिअर काठोकाठ ओतायची आणि नव्यानं तो एका दमात संपवायचा. संपवला की तो आपला. वाडगा माझ्याच स्वयंपाकघरातून जायचा. मीच धुऊनपुसून द्यायचे.

तेओ म्हणाला, "साहेब, माझ्या अंगाला सोसत नाही."

साहेब हसले. "पहिल्या दिवशी कुणालाच सोसत नाही रे. मला तरी कुठे सोसलं होतं?"

सगळे टाळ्या वाजवायला लागले. तो पुन्हा काहीतरी म्हणाला, पण त्या गलक्यात ऐकतो कोण. प्यायला बिचारा. चेहरा आधी बीटासारखा लाल झाला, मग पांढराफटक. बाहेर जायला उठला आणि बूट काढायच्या पायरीवरून तोंडावर आपटला. पुढचे दोन दात माझ्या दगडी फरशीवर पडले. ते मी रुमालात गुंडाळून साहेबांच्या हातात दिले, आणि मीच त्यांची मूठ मिटून दिली.

आठ दिवस तेओ दवाखान्यात होता. साहेब रोज जायचे. तो परत कामावर आला तेव्हा दात नवे होते. वाडगा त्या दिवसापासून बंद झाला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं साहेबांचं झालं. कुणाच्याही पेल्यावर बाटली धरायच्या आधी "ओतू का?" असं विचारायला लागले. बाकीचे चिडवायचे, "साहेब, नवरी बघायला आलात का? विचारताय काय एवढं?" तेओला तर त्यांनी फुलासारखं जपलं. शुक्रवार आला की म्हणायचे, "तू घरी जा, आराम कर. तुला बसायची काही गरज नाही." मला वाटायचं, बरं करतायत. तीन महिन्यांनी तेओनं सगळ्यांना कमरेत वाकून नमस्कार केला आणि नोकरी सोडून गेला. तक्रार नाही, भांडण नाही.

साहेबांनी त्याची माफी कधीच मागितली नव्हती. दवाखान्यात रोज जायचे, फळांची पेटी ठेवायचे, दाराशी उभे राहायचे आणि परत यायचे. साहेबाची मान खालच्या माणसासमोर वाकत नाही, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. ही गोष्ट त्यांनी मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितली, तीही भांडी घासताना माझी पाठ वळलेली असताना.

मग काळ बदलला. कामाच्या ठिकाणी कुणी कुणाला छळायचं नाही असा कायदा आला. कारखान्यानं नियम केला की बसण्याची सक्ती नको, आणि बसलात तरी नऊच्या आत उठायचं. त्यात ती साथ आली. दोन वर्षं चार माणसं एकत्र बसायची चोरी. साथ गेली, पण शुक्रवार काही परत आला नाही. विभागात नवी माणसं आली होती. ती दुपारी येतात, सोयाबीनचं कालवण भाताबरोबर खातात, मावशी छान झालंय म्हणतात, आणि कॉफीचे उंच ग्लास हातात घेऊन कारखान्याच्या भिंतीकडेनं फिरायला जातात. गुणी पोरं आहेत. नावं ठेवायला जागा नाही, आणि तीच मोठी पंचाईत आहे.

साहेब मात्र शुक्रवारी यायचे. एकटे. जित्याची खोड. ओट्याच्या खोलीत बसायचे, सोजूची हिरवी बाटली उघडून समोर ठेवायचे आणि रिकाम्या पेल्याकडे बघत राहायचे. मी जाता-येता भरायचे.

"ओता की स्वतःच," मी म्हणायचे. "कोण बघतंय इथे?"

"मावशी, स्वतः ओतून प्यायला मी काय दारुडा आहे?"

"मग घरी जा. बायको वाट बघत असेल."

"बायको म्हणते, पाच वाजता घरी येऊन माझ्या पायांत पायांत करू नका."

दोघंही हसायचो. पण दार वाजलं की त्यांची मान वळायची, आणि भाजीवाला किंवा गॅसवाला दिसला की परत खाली जायची.

गेल्या नोव्हेंबरात त्यांची निवृत्ती आली. आठवडाभर आधी आले तेव्हा मी विचारलं, "शेवटच्या शुक्रवारी किती जणांचं मांस सांगून ठेवू?"

"दोघांचं."

"दोघांचं? अहो विभागात नऊ जण आहेत."

"मुलांना बोलवायचं नाही. साहेबानं बोलावलं की नाही म्हणता येत नाही, मग ती जबरदस्तीच झाली. तुम्हीही काही बोलू नका त्यांना. शपथ आहे." मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. "एकालाच बोलावलंय."

तेओला निरोप पाठवला होता. 'शुक्रवारी सहा वाजता मावशीकडे असेन. यायलाच हवं असं नाही.' त्यानं तो वाचल्याची खूण होती. उत्तर नव्हतं. चार दिवस झाले होते.

"हे काय लिहिणं झालं?" मी म्हटलं. "माफी मागायचीय असं सरळ लिहा की."

"माफी फोनवर मागत नाहीत, मावशी. मान खाली घालायला समोर माणूस लागतो."

"आणि नाही आला तर?"

"नाही आला तर न सांगताच म्हातारा होईन." एवढं बोलून त्यांनी फोन खिशात टाकला.

शेवटच्या शुक्रवारी दुपारी विभागाची पोरं त्यांना माझ्याकडेच जेवायला घेऊन आली. फुलं, केक, काचेत नाव कोरलेली पाटी. साहेबांना सगळ्यांनी मिळून कालवण वाढलं, फोटो काढले, दोघींचे डोळेही ओले झाले. खरंच झाले, नाटकी नाही. पण एक वाजायला दहा मिनिटं असताना सगळ्यांनी घड्याळं बघितली. बांग युन-सो म्हणून एक मुलगी आहे, विभागातली सगळ्यांत धीट. ती मागे रेंगाळली आणि गल्ल्याशी येऊन हळूच म्हणाली, "मावशी, साहेब संध्याकाळी इथे बसणार आहेत का? आम्ही येणार होतो. पण ते काहीच बोलले नाहीत. घरच्यांबरोबर असायचं असेल त्यांना, हो ना?"

"विचार की त्यांनाच."

"शेवटच्या दिवशी कसं विचारायचं? त्यांना अवघड व्हायचं."

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण शपथ घातलेली. मी नुसती मान हलवली, आणि ती पोरगी घरच्यांबरोबरच असतील असं समजून गेली. उभ्या जन्मात मी इतक्या ठिकाणी नको ते बोललेय, आणि नेमकी तिथे गप्प बसले.

सहाला पाच कमी असताना साहेब आले. नवीन शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. मी दोघांचं मांस, लेट्यूसची पानं, लसूण, किमची, सगळं मांडलं. त्यांनी शेगडी पेटवू दिली नाही. सहा वाजले. सव्वासहा झाले. बाटली उघडली नाही. साडेसहाला मी पेला भरायला गेले तर त्यांनी हात आडवा धरला. "थांबा, मावशी." मांसाला खोलीच्या उबेनं पाणी सुटायला लागलं. मी उगीचच टेबलं पुसत होते, पुसलेलीच परत पुसत होते. सात वाजता ते म्हणाले, "चला, न्या हे आत," आणि उठायला गुडघ्यावर हात टेकला.

दार वाजलं. कामाचं जाकीट घातलेला एक माणूस आत आला. कपाळ मोठं झालेलं, पण मान तीच.

"मावशी, अजून आहात होय तुम्ही?"

"मी कुठे जातेय मरायला," मी म्हटलं.

तेओनं पायरीवर बूट काढले. काढताना त्यानं त्या पायरीकडे क्षणभर बघितलं, ते मी बघितलं आणि साहेबांनीही बघितलं. वाकून नमस्कार करून तो समोर बसला. धाकट्यानं मांस भाजायचं असतं, म्हणून त्यानं सवयीनं चिमटा उचलला. साहेबांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. "आज मी भाजतो." मग चिमटाही बाजूला ठेवला, मांडी मोडून गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात जमिनीला टेकले आणि मान खाली घातली.

"तेओ, माझं चुकलं. तू सोसत नाही म्हणालास आणि मी हसलो. अकरा वर्षं झाली. मला माफ कर."

मी दाराच्या पडद्याआड होते. आत जायचं भान नव्हतं, बाहेर यायचंही नव्हतं.

तेओनं दोनदा आवंढा गिळला. "साहेब, वर बघा आधी. वाडग्याचा राग माझा केव्हाच गेला. दात काय, बसवले नवे. तुमचं ते 'तू घरी जा' मात्र अजून जात नाही."

साहेबांनी मान वर केली. त्यांना कळेना. "अरे, तुला त्रास होऊ नये म्हणून मी—"

"माहितीय. म्हणून तर भांडताही आलं नाही. सोमवारी सगळे शुक्रवारच्या गोष्टींवर हसायचे, मला कळायचं नाही कशावर. कुठलं काम कुणाला द्यायचं, सगळं इथेच ठरायचं. मी खोलीवर बसून रेडिओ ऐकायचो. मला यायचं होतं, साहेब. फक्त प्यायचं नव्हतं. पाणी पीत बसलो असतो. पण तुम्ही कुणी विचारलंच नाही."

अकरा वर्षं साहेब एका चुकीसाठी स्वतःला खात होते, आणि चूक दुसरीच निघाली. हे काय साधं आहे? मग त्यांनी बाटली उचलली, पण ओतली नाही. "काय घेशील?" त्यांनी विचारलं.

"बार्लीचा चहा."

मी किटली नेली. साहेबांनी दोन्ही हातांनी त्याच्या पेल्यात चहा ओतला. तेओनं बाटली घेऊन साहेबांचा पेला भरला. आणि तिथे मला राहवलं नाही. शपथ गेली खड्ड्यात.

"साहेब, तुम्ही आजही तेच केलंत," मी म्हटलं. "ती युन-सो दुपारी मला विचारत होती. सगळी पोरं येणार होती. तुम्ही बोलावलं नाहीत, म्हणून तुम्हाला नकोत असं समजली."

साहेबांनी घाईघाईनं फोन काढला, चष्मा लावला आणि विभागाचा ग्रुप शोधायला लागले. वर-खाली, वर-खाली. मग बोट थांबलं.

"दुपारी चार वाजताच मी ग्रुप सोडला," ते म्हणाले. "कामाच्या गोष्टी बोलतात त्यात. निवृत्त माणूस कशाला हवा मध्ये, असं वाटलं."

"मग युन-सोला फोन करा."

"शुक्रवारी संध्याकाळी एकट्या मुलीला फोन करायचा? म्हाताऱ्यानं?" त्यांनी मान हलवली. "छे. गेली ती वेळ."

फोन पालथा ठेवला. ती खोली एवढी मोठी आहे हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. चौदा जण मावतात तिथे. ते दोघं एका कोपऱ्यात, आणि बाकी सगळी चटई मोकळी. साहेबांनी शेगडी पेटवली, मांस भाजलं, कात्रीनं बारीक तुकडे केले आणि चांगले चांगले तेओच्या बाजूला सरकवले. तो आता पुसानला जहाजाचे पंप बनवतो, दोन मुली आहेत, हे सगळं ते एकेक करून विचारत होते. आपला पेला त्यांनी तसाच ठेवला होता. आमच्याकडे पेला पुरा रिकामा झाल्याशिवाय वर ओतत नाहीत. तेओनं भरलेला तो पेला त्यांना एवढ्यात संपवायचा नव्हता.

साडेआठला तेओ उठला, शेवटची बस होती. साहेब पायरीपर्यंत आले. "पुढच्या शुक्रवारी मी इथेच असेन," ते म्हणाले. "तुला जमलं तर. म्हणजे यायलाच हवं असं—"

"साहेब," मी म्हटलं.

ते थांबले. खाली वाकून बुटाचे बंद बांधणाऱ्या त्या माणसाच्या डोक्याकडे बघत त्यांनी मोठा श्वास घेतला.

"ये," ते म्हणाले. "मला तू यायला हवा आहेस."

तेओचे हात बंदावर थांबले. तो तसाच वाकलेला राहिला, आणि मला वाटलं, आता हा नाही म्हणणार.

"पुढच्या शुक्रवारी माझी रात्रपाळी आहे," तो म्हणाला. "त्याच्या पुढच्या शुक्रवारी येतो."